डोनट घरी करताना: ठाण्याच्या दमट हवेतले यीस्टचे पीठ

दिवाळीच्या करंज्या आणि अनारसे निगुतीने तळणाऱ्या हातालाही डोनट पहिल्या खेपेला दगा देतो. दोष बहुधा तळणीचा नसतो, परातीतल्या पिठाचा असतो. पोळीची कणीक मळताना पीठ बोटांना चिकटू लागले की आपण सवयीने त्यावर कोरडे पीठ भुरभुरतो आणि गोळा गुळगुळीत झाला की हात धुतो. डोनटचे पीठ नेमके या सवयीने बिघडते. माझ्या पहिल्या प्रयत्नात मी फ्रिजमधून लोणी काढायला वळले, तेवढ्यात शेजारी उभ्या असलेल्या आईने "अगं, फारच सैल झालंय" असे म्हणत परातीत मूठभर मैदा लोटला, आणि दोन तासांनी कढईतून जे निघाले ते भोक पाडलेल्या कडक पावासारखे होते. आईचा हात चुकला असे मी म्हणणार नाही, कारण करंजीच्या पिठाच्या हिशेबाने तिचे बरोबरच होते.

पुढे दिलेली कृती यीस्टवर, म्हणजे पीठ आंबवून फुगवणाऱ्या सूक्ष्म जीवांवर, फुगवून तेलात तळायच्या, बिनअंड्याच्या डोनटची आहे. यीस्टला कधीही हात न लावलेल्या, पण तळणाची थोडीफार सवय असलेल्या वाचकांसाठी ती लिहिली आहे. बेकिंग पावडर घालून अर्ध्या तासात होणारे डोनटही असतात, परंतु त्यांची जात केकची. हलका, लुसलुशीत, जाळीदार डोनट हवा असेल तर यीस्ट घालावे लागते आणि त्याला वेळही द्यावा लागतो. तो किती द्यायचा हे हवेवर ठरते. थंड देशांतल्या कृतींत छापलेल्या वेळा ठाणे-नवी मुंबईत जशाच्या तशा चालत नाहीत, म्हणून येथे मिनिटांपेक्षा पिठाच्या खुणांवर अधिक भर दिला आहे.

जिन्नस आणि मापे

दहा-अकरा डोनटसाठी मैदा ३०० ग्रॅम, साखर ४० ग्रॅम, इन्स्टंट यीस्ट ५ ग्रॅम म्हणजे साधारण दीड चहाचा चमचा, बारीक मीठ ४ ग्रॅम, तापवून निवलेले दूध १९० मिलिलिटर, मऊ केलेले बिनमिठाचे लोणी ४० ग्रॅम आणि पाव चमचा किसलेले जायफळ एवढे सामान लागते. तळणीसाठी सव्वा लिटर तेल वेगळे धरावे. अंडे चालत असेल तर एक अंडे घालून दूध १४५ मिलिलिटरवर आणावे. जाळी थोडी अधिक नाजूक पडते, बाकी कृतीत काही फरक नाही. बाजारातले पिवळे लोणी खारे असते, तेच वापरायचे असल्यास मीठ ३ ग्रॅम पुरे. घरी काढलेले पांढरे लोणी उत्तम, मात्र त्यातले ताक पूर्ण निघेपर्यंत ते थंड पाण्याने दोन-तीनदा धुऊन घ्यावे.

वाटीच्या मापाने हे काम करू नये. मैदा सैलसर भरला की दाबून भरला यावर एकाच वाटीत बराच फरक पडतो, आणि तेवढ्या फरकाने पीठ एक तर दगड होते नाही तर पातळ खळ. स्वयंपाकघरातला साधा वजनकाटा असेल तर अर्धी काळजी मिटते.

साखर वाढवण्याचा मोह प्रत्येकाला होतो आणि तो आवरावा. पिठात साखर जास्त झाली की ती पाणी स्वतःकडे ओढून घेते, यीस्ट मंदावते, आणि तळताना बाहेरचा रंग आतला भाग शिजण्याआधीच गडद होतो. डोनटचा गोडवा वरून लावायचा असतो. जायफळाविषयी कोणाला शंका वाटली तर सांगावेसे वाटते की अमेरिकेतल्या जुन्या पद्धतीच्या डोनटमध्येही जायफळच घालतात, त्यामुळे पुरणपोळीच्या डब्यातले जायफळ येथे परके ठरत नाही.

मैद्याची निवड थोडी डोळसपणे करावी. जांभळी नाक्याच्या बाजारात सुटा मैदा सहज मिळतो आणि शंकरपाळ्यांना तो चालतोही, परंतु डोनटसाठी पाकीटबंद मैदा बरा, कारण पाकिटाच्या पाठीवर १०० ग्रॅममागे प्रथिने किती हे छापलेले असते. हा आकडा १० किंवा त्याहून थोडा अधिक असलेला मैदा घ्यावा. पाणी घालून मळल्यावर याच प्रथिनांचे ग्लुटेन बनते, आणि यीस्टने सोडलेला वायू या ग्लुटेनच्या पडद्यांत अडकला तरच पीठ फुगून राहते. पावसाळ्यात मैदा चाळून घ्यावा हे सांगणे नको. मात्र जुलै-ऑगस्टमध्ये मैद्याने हवेतली ओल आधीच ओढलेली असते, तेव्हा दुधातले १५ मिलिलिटर बाजूला ठेवून लागले तरच घालावे, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

यीस्टची पारख

दुकानात यीस्ट मागितले की दोन प्रकारांपैकी कोणतेही हातात पडू शकते. मोहरीपेक्षा बारीक, भुरभुरीत दाण्याचे ते इन्स्टंट यीस्ट. ते थेट मैद्यात मिसळता येते. जरा मोठ्या, गोल दाण्याचे अ‍ॅक्टिव्ह ड्राय यीस्ट आधी कोमट दुधात भिजवावे लागते, आणि ते सव्वापट म्हणजे ६ ग्रॅमच्या आसपास घ्यावे लागते. आमच्याकडची ओल आणि उष्णता दोन्ही यीस्टच्या जिवावर उठलेली असतात. उघडलेले पाकीट फडताळात ठेवले तर दोन महिन्यांत ते निकामी होऊ शकते, म्हणून घट्ट झाकणाच्या बाटलीत भरून ते फ्रीजरमध्ये ठेवावे. मुदत शिल्लक असलेले एक पाकीट मी दुकानातून आणल्या दिवशीच मेलेले निघाले होते. कुठल्या तरी गोदामात ते उन्हाने तापले असावे. तेव्हापासून इन्स्टंट असले तरी मी त्याची परीक्षा घेतल्याशिवाय मैदा भिजवत नाही.

परीक्षा सोपी आहे. मोजलेल्या दुधातले पाव वाटी दूध कोमट करून त्यात चिमूटभर साखर आणि यीस्ट घालावे, एकदा ढवळावे आणि झाकून ठेवावे. दहा मिनिटांत वर साबणाच्या फेसासारखी जाड साय आली तर यीस्ट जिवंत आहे. नुसते चार बुडबुडे येऊन गढूळ पाणी राहिले तर ते टाकून द्यावे, कारण पुढचे सगळे श्रम आणि लोणी वाया जाणार असते.

कोमट म्हणजे किती, हा प्रश्न मराठी घरात अवघड नसावा. विरजण लावताना आपण दूध जेवढे कोमट ठेवतो तेवढेच, म्हणजे ४० अंश सेल्सिअसच्या जवळपास, यीस्टलाही मानवते. दूध ६० अंशांच्या घरात असेल तर यीस्ट मरते. दूध आधी उकळून घेण्यामागे आणखी एक कारण आहे. न तापवलेल्या दुधातील काही प्रथिने ग्लुटेनला सैल पाडतात आणि उकळी आल्यावर त्यांचा हा गुण जातो. पिशवी आली की दूध तापवून ठेवण्याची आपली पद्धत येथे आयतीच उपयोगी पडते.

मळणे

मैदा, साखर, मीठ आणि जायफळ परातीत एकत्र करावे, मध्ये खळगा करून फेसाळलेले यीस्ट आणि उरलेले दूध घालावे, आणि कोरडे पीठ दिसेनासे होईपर्यंतच हाताने कालवावे. लोणी अजून घालायचे नाही. हे ओबडधोबड, चिकट पीठ झाकून २० मिनिटे तसेच राहू द्यावे. या वेळात मैदा दूध पिऊन घेतो आणि न मळताच पिठाला थोडा ताण येतो, त्यामुळे पुढची मळणी निम्म्या कष्टात होते.

त्यानंतर खरे काम सुरू होते. या पिठाला पोळीच्या कणकेचे माप लावू नये; पुरणपोळीची कणीक आठवावी. ती सैल असते, ओढली की तार सुटते, आणि तिला आपण मळतो त्यापेक्षा अधिक तिंबतो. डोनटचे पीठही तसेच तिंबायचे आहे: दोन्ही हातांनी उचलून परातीत किंवा स्वच्छ ओट्यावर आपटावे, आपल्याकडे ओढून ताणावे, त्याच्यावरच दुमडावे, पाव फेरा फिरवावे आणि पुन्हा उचलावे. पहिली तीन-चार मिनिटे ते बोटांना, ओट्याला, मनगटाला चिकटते आणि नवशिक्याचा धीर येथेच सुटतो. कोरडा मैदा घालू नये. हाताला चिकटलेले पीठ उलथन्याच्या कडेने खरवडून पुन्हा गोळ्यात मिसळावे आणि आपटणे चालू ठेवावे. पाचव्या-सहाव्या मिनिटाला पीठ ओट्यावरून सुटून येऊ लागते, त्याचा आवाजही बदलतो. आधीचा चपचप आवाज जाऊन थापटल्यासारखा स्पष्ट ठोका ऐकू येतो.

आता लोणी तीन-चार वेळा करून घालावे. लोणी पडताच पीठ विस्कटते, घसरते, जणू सगळे फसले असे वाटते. दोन मिनिटे दम धरला की ते लोणी पोटात घेऊन पुन्हा एकजीव होते. लोणी सुरुवातीलाच का घालत नाही, असे कोणी विचारील. मोहनाने करंजी खुसखुशीत होते, कारण स्निग्धांश मैद्याच्या कणांवर आवरण धरून ग्लुटेन बनू देत नाही. डोनटमध्ये आपल्याला याच्या उलट हवे असते. आधी ग्लुटेन, मग लोणी.

पीठ झाले की नाही हे पाहण्यासाठी लिंबाएवढा तुकडा तोडून दोन्ही हातांच्या बोटांनी सावकाश चारी बाजूंना ताणावा. तो न फाटता इतका पातळ झाला की खिडकीसमोर धरल्यावर पलीकडचा उजेड दिसतो, तर मळणी पुरी झाली. लगेच फाटला तर आणखी तीन मिनिटे. एकूण मळणी हाताने १२ ते १५ मिनिटे चालते.

पहिला फुगवटा

तेलाचे बोट लावलेल्या, उभ्या कडांच्या स्टीलच्या डब्यात गोळा ठेवून झाकण नुसते टेकवावे. डबा पंख्याखाली ठेवू नये, पिठावर साल धरते. पीठ दुप्पट होईपर्यंत थांबायचे आहे. डब्यात दुप्पट झाले की नाही हे डोळ्याला नीट कळत नाही, म्हणून मी सुपारीएवढे पीठ काढून एका सरळ, अरुंद काचेच्या ग्लासात दाबून बसवते आणि त्याच्या उंचीवर रबर चढवते. ग्लासातले पीठ रबराच्या दुप्पट उंचीवर गेले की डब्यातलेही गेलेले असते.

या पायरीवर ठाण्याची हवा सगळे गणित बदलते. यीस्टच्या पिठाला स्वतःचे तापमान २६ ते २८ अंशांच्या आसपास असलेले आवडते. घोडबंदर रोडवरच्या आमच्या स्वयंपाकघरात मे महिन्याच्या दुपारी हवाच ३४ अंशांवर असते आणि तिंबताना हाताची ऊब आणखी भर घालते. मी एकदा एका परदेशी कृतीत लिहिल्याप्रमाणे दीड तासाचा गजर लावून राममारुती रोडला कामासाठी गेले. परतले तेव्हा पिठाने डब्याचे झाकण उचलून धरले होते, घरभर शिळ्या ताडीसारखा आंबूस वास होता, आणि डबा जरा हलवताच सगळा डोलारा खाली बसला. ते पीठ लाटताना फाटले, आणि तळल्यावर डोनट सुरकुतलेले आणि तेलाने जड झाले. त्या दिवशी ते पीठ प्रत्यक्षात ४० मिनिटांतच तयार झाले असणार.

म्हणून एप्रिल-मेमध्ये यीस्टच्या परीक्षेपुरते पाव वाटी दूध सोडले तर बाकीचे दूध फ्रिजमधले थंडगारच घालावे आणि ३५ ते ४० मिनिटांनी पहिली नजर टाकावी. पावसाळ्यात तासाच्या आसपास लागतो. जानेवारीच्या रात्री मात्र दीड तासही लागू शकतो; तेव्हा डबा बंद ओव्हनमध्ये किंवा मायक्रोवेव्हमध्ये गरम पाण्याच्या पेल्याशेजारी ठेवल्यास काम लवकर होते. ओव्हन सुरू करायचा नाही, त्याचा उपयोग फक्त ऊब धरणाऱ्या कपाटासारखा. कोणत्याही ऋतूत शेवटची खूण एकच असते: मैद्यात बुडवलेले बोट पहिल्या पेरापर्यंत पिठात खुपसावे आणि काढावे. खळगा जवळपास तसाच राहिला तर पीठ झाले आहे. तो लगेच भरून आला तर अजून वेळ द्यावा.

माझे स्वतःचे मत विचाराल तर आपल्या हवेत सर्वांत निर्धोक मार्ग फ्रिजचा आहे. संध्याकाळी पीठ तिंबून १५-२० मिनिटे बाहेर ठेवावे आणि मग ८ ते १२ तास फ्रिजमध्ये. थंडीत यीस्ट सावकाश काम करते, चव अधिक खोल येते, आणि मुख्य म्हणजे लोणी घट्ट झाल्यामुळे सकाळी तेच चिकट पीठ पोळपाटावर शहाण्यासारखे वागते. रविवारी सकाळी नाश्त्याला डोनट हवे असतील तर याहून सोयीची युक्ती नाही.

लाटणे आणि कापणे

फुगलेले पीठ हलक्या हाताने दाबून त्यातली हवा काढावी, ओट्यावर अगदी थोडा मैदा भुरभुरावा (आता चालतो) आणि लाटण्याने सव्वा सेंटिमीटर जाडीचे लाटावे. करंगळी आडवी ठेवून जाडी ताडून पाहता येते. पीठ मागे मागे येत असेल तर त्याच्याशी झटू नये, फडक्याखाली पाच मिनिटे झाकून ठेवावे. साडेसात सेंटिमीटर व्यासाची, धारदार काठाची स्टीलची वाटी किंवा ग्लास बाहेरच्या वर्तुळाला आणि पाण्याच्या बाटलीचे झाकण मधल्या भोकाला पुरते. साचा सरळ खाली दाबून सरळ वर उचलावा. सुटत नाही म्हणून तो गोल फिरवला तर पिठाच्या कडा एकमेकींना चिकटतात आणि डोनट एका बाजूला कलून फुगतो.

भोकाचे कारण व्यवहारी आहे. जाड गोळा तळला की कड तळून होते आणि मध्य कच्चा राहतो. अमेरिकेतील मेन राज्याचा हॅन्सन ग्रेगरी हा खलाशी १८४७ साली जहाजावर आपणच पहिल्यांदा असे भोक पाडले, असे पुढे म्हातारपणी सांगत असे. ते खरे असो वा नसो, कच्च्या मध्याची तक्रार मात्र प्रत्येक नवशिक्याच्या ओळखीची आहे.

प्रत्येक डोनट बेकिंगच्या कागदाच्या वेगळ्या चौकोनावर ठेवावा. ही गोष्ट क्षुल्लक वाटते, पण फुगलेला डोनट हाताने उचलला की बोटांचे ठसे पडतात आणि तिथली हवा जाते. कागदासकट तेलात सोडला तर आकार टिकतो आणि कागद काही सेकंदांत सुटून चिमट्याने काढता येतो. मेणाचा कागद मात्र वापरू नये, मेण तेलात वितळते. उरलेल्या कडा गोळा करून पुन्हा लाटता येतात, पण त्यांचे डोनट थोडे चिवट होतात. त्यापेक्षा त्यांच्या आणि भोकांच्या सुपाऱ्या वळून शेवटच्या घाण्यात तळाव्यात.

दुसरा फुगवटा २० ते ३५ मिनिटांचा असतो आणि तो पहिल्यापेक्षा नाजूक असतो. डोनट फुगीर, हलका आणि कागद हलवला की किंचित थरथरणारा दिसला पाहिजे. कडेला बोटाने हळूच दाबल्यावर खळगा सावकाश, अर्धवट भरून यावा. पटकन भरला तर वेळ कमी पडला. अजिबात भरला नाही तर ताबडतोब तेल तापवावे. खरे तर उन्हाळ्यात कापून झाल्याबरोबरच कढई चढवून ठेवणे बरे. सगळे डोनट एकाच वेळी तयार होतात आणि कढईत दोनच मावतात, ही अडचण असते. म्हणून अर्धे डोनट पंधरा मिनिटे फ्रिजमध्ये सरकवून ठेवावेत.

तेल

शुद्ध केलेले शेंगदाणा, सूर्यफूल किंवा तांदळाच्या कोंड्याचे तेल चालते. पूर्वी बेकऱ्यांमध्ये वनस्पती तूप वापरत, कारण ते निवल्यावर गोठते आणि डोनट हाताला कोरडा लागतो; पण त्यातल्या हृदयाला घातक ट्रान्स फॅटमुळे घरी त्याच्या वाटेला जाऊ नये. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने जानेवारी २०२२ पासून तेल-तुपातल्या ट्रान्स फॅटची मर्यादा २ टक्क्यांवर आणली आहे.

जाड बुडाच्या, खोल कढईत निदान सहा सेंटिमीटर उंचीचे तेल असावे. तापमान १७५ ते १८० अंश. ज्यांच्याकडे स्वयंपाकाचा थर्मामीटर आहे त्यांनी तो वापरावा, आणि ज्यांच्याकडे नाही त्यांनी हा हिशेब ध्यानात ठेवावा: पुरीला लागते त्यापेक्षा कमी आणि करंजीला लागते त्यापेक्षा जास्त तापलेले तेल डोनटला हवे. हरभऱ्याएवढा पिठाचा तुकडा सोडावा. तो बुडी मारून दोन-तीन सेकंदांत वर आला, भोवती शांत, एकसारखे बुडबुडे आले आणि मिनिटभरात सोनेरी झाला तर तेल तयार आहे. सोडताक्षणी वर उसळून तपकिरी झाला तर गॅस बंद करून तेल थोडे निवू द्यावे.

एका वेळी दोनच डोनट सोडावेत, वरची बाजू खाली करून. डोनट तेलात पडताच आतला वायू फुगतो, पाण्याची वाफ होते, आणि दहा सेकंदांत तो डोळ्यांदेखत वाढतो. पुरी फुगवताना आपण झाऱ्याने तिला दाबतो. डोनटला झारा लावायचा नाही. एका बाजूला ६० ते ७५ सेकंद झाले की लाकडी काडीने एकदाच उलटवावा आणि दुसऱ्या बाजूलाही तेवढाच वेळ द्यावा. नीट फुगलेला डोनट तेलावर उंच तरंगतो, त्यामुळे त्याच्या कमरेला फिकट पांढरा पट्टा राहतो. तो पट्टा दिसला की पीठ, फुगवटा आणि तेल तिन्ही जमले असे समजावे. पट्टा नसला आणि डोनट तेलात निम्म्याहून अधिक बुडून तळला जात असेल तर तो दुसऱ्या फुगवट्यात कमी पडला आहे.

प्रत्येक घाण्यानंतर तेलाचे तापमान उतरते. पुढचा घाणा घालण्याआधी अर्धा मिनिट थांबावे, पुन्हा पिठाचा तुकडा सोडून पाहावा. १६५ अंशांखाली डोनट तेल पितात, १९० च्या वर बाहेरून काळवंडून आत कच्चे राहतात, आणि "माझे डोनट तेलकट झाले" या तक्रारीचे मूळ बहुतेक वेळा मंद आचेत असते. आरोग्याच्या विचाराने मंद आचेवर तळणे म्हणजे जास्त तेल खाणे होय.

सावधगिरीचे दोन शब्द. ओला झारा किंवा पाण्याचा थेंब लागलेला कागद तेलात जाऊ देऊ नये. तेलाने पेट घेतलाच तर पाणी कदापि टाकू नये. गॅस बंद करून कढईवर घट्ट झाकण ठेवावे आणि ती जागची हलवू नये.

तळलेले डोनट तारेच्या जाळीवर निथळत ठेवावेत. वर्तमानपत्रावर ठेवू नयेत. छपाईची शाई गरम तेलात उतरते, आणि अन्न वर्तमानपत्रात ठेवण्याला किंवा बांधण्याला सरकारी नियमांतही मनाई आहे.

वरचा गोडवा

साखरेत घोळवायचे असतील तर डोनट हाताला सोसवेल इतके गरम असताना घोळवावेत. फार गरम असतील तर साखर विरघळते, थंड झाले तर चिकटत नाही. साखर मिक्सरवर एकदाच फिरवून रवाळ ठेवावी, त्यात दालचिनी किंवा वेलची घालावी. पिठीसाखर दिसायला सुंदर, पण पावसाळ्यात तासाभरात तिला पाणी सुटते आणि डोनट घामेजल्यासारखा दिसतो.

साखरेच्या पाकासारखा चकचकीत थर हवा असेल तर १५० ग्रॅम चाळलेल्या पिठीसाखरेत २५ ते ३० मिलिलिटर कोमट दूध आणि चिमूटभर मीठ थोडे थोडे घालून दाटसर ठेवावे, आणि कोमट डोनटची एक बाजू त्यात बुडवून उलटी ठेवावी. चॉकलेटचा थर मात्र मे महिन्यात नीट बसत नाही. खऱ्या चॉकलेटमधले कोकोचे लोणी ३४ अंशांच्या आसपास पूर्ण वितळते आणि आमच्या ओट्यावर तेवढे तापमान दुपारी असतेच. तेव्हा कंपाउंड चॉकलेट, म्हणजे कोकोच्या लोण्याऐवजी दुसरे वनस्पतीजन्य स्निग्ध घातलेले चॉकलेट, वापरावे किंवा हिवाळ्याची वाट पाहावी.

भोकाशिवायचे, आत मुरांबा भरलेले डोनट हा वेगळा आणि माझ्या मते अधिक रुचकर प्रकार आहे. जर्मनीत त्याला बर्लिनर म्हणतात, पोलंडमध्ये पोंच्की, आणि हनुक्काच्या सणात ज्यू कुटुंबांत सुफगानियोत. पीठ हेच, वर्तुळे साडेसहा सेंटिमीटरची कापावीत, तेल १७० अंशांवर आणावे आणि प्रत्येक बाजूला दीड मिनिट द्यावे. पूर्ण निवल्यावर पांढऱ्या पट्ट्यात सुरीच्या टोकाने भोक पाडून पिशवीने सारण भरावे. हापूसचा रस कढईत घट्ट आटवून भरला तर दुसरे काही लागत नाही. पातळ मुरांबा भरू नये, तो पीठ ओले करतो.

फुगिया

यीस्टचे तळलेले पीठ ठाण्याला तसे परके नाही. मासुंदा तलावाजवळच्या सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्चच्या आसपासच्या जुन्या वस्तीपासून वसईपर्यंत पसरलेल्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांत लग्नाला आणि नाताळला फुगिया करतात. या समाजाने ईस्ट इंडियन हे नाव १८८७ मध्ये घेतले, पण त्यांची बोली मराठीच आहे, आणि फुगतो तो फुगिया हे नाव कोणालाही समजावून सांगावे लागत नाही. पूर्वी पीठ ताडीवर फुगवत. ताडीत यीस्ट नैसर्गिकपणे असतेच. आता बहुतेक ठिकाणी पाकिटातले यीस्ट वापरतात.

डोनट एकदा जमले की फुगिया जड जात नाहीत. ३०० ग्रॅम मैद्याला एक अंडे, सुमारे २२० मिलिलिटर नारळाचे दूध, २० ग्रॅम साखर आणि तेवढेच यीस्ट व मीठ घ्यावे. पीठ लाटता येणार नाही इतके सैल ठेवून हाताने परातीत दहा मिनिटे आपटून फेटावे आणि दुप्पट होऊ द्यावे. मग तेलाचे बोट लावलेल्या मुठीत पीठ घेऊन अंगठा आणि तर्जनी यांच्यामधून लिंबाएवढा गोळा पिळून वर काढावा आणि दुसऱ्या हाताने चमच्यावर घेऊन तेलात सोडावा. पहिल्या दहा-बारांना शेपट्या येतील. त्या खाऊन टाकाव्यात. फुगिया गोडाचा पदार्थ म्हणून वाढत नाहीत. विंदालूसारख्या झणझणीत, आंबट रश्श्याबरोबर त्या खाल्ल्या जातात.

उरलेले डोनट आणि उरलेले तेल

डोनट त्याच दिवशी खावेत. फ्रिजमध्ये ठेवले तर मैद्यातला स्टार्च लवकर घट्ट होतो आणि ते उलट लवकर शिळे लागतात. साखर न लावलेले डोनट घट्ट डब्यात फ्रीजरमध्ये ठेवता येतात. बाहेर काढून त्यांचा गारठा पूर्ण जाऊ द्यावा, मग मायक्रोवेव्हमध्ये आठ-दहा सेकंद पुरतात.

डोनटच्या अंगाचा मैदा तळाशी जळतो, म्हणून तेल थंड झाल्यावर पातळ फडक्यातून गाळून ठेवावे आणि पुढच्या दोन-चार दिवसांत फोडणीला संपवावे. ते पुन्हा पुन्हा तळणीला वापरू नये आणि त्यात ताज्या तेलाची भर घालत राहू नये. वारंवार तापवल्याने तेलात तयार होणाऱ्या ध्रुवीय संयुगांची मर्यादा व्यावसायिक तळणीसाठी २५ टक्के ठरवून दिलेली आहे. घरी ते मोजायचे साधन नसते, पण तेल दाट, काळपट झाले, तळताना फेसाळू लागले किंवा तापताना लवकर धूर सोडू लागले की ते संपले असे धरावे. मोरीत ओतल्यास ते नळीत साचून ती तुंबते आणि खालच्या मजल्यावरचे लोक वर येतात, म्हणून बाटलीत भरून, झाकण लावून, सुक्या कचऱ्यापासून वेगळे द्यावे.